सोलापुरात ऐकलेली एक हाक

सोलापूरला लोक कामासाठी जातात. कुणी चादरी घ्यायला, कुणी गिरणीत नोकरी बघायला, कुणी कोर्टाच्या तारखेला, तर कुणी तिथं दिलेल्या लेकीबहिणीला भेटायला. मी गेले ती बहिणीसाठी. नाशकाहून निघताना शाळेतल्या एक बाई मला म्हणाल्या, "नाताळच्या सुट्टीत सोलापूर? तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?" आता परत आल्यावर एवढंच सांगता येईल, की सोलापूर बघण्यापेक्षा ऐकण्याचं गाव आहे.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळं म्हणा किंवा स्वभावामुळं म्हणा, मला शब्दांची खोड आहे. एखादा शब्द कानावर पडला की तो कुठून आला, कुणाकडून आला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. नाताळ हाच शब्द घ्या. तो फिरंग्यांकडून आला आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जन्म असा आहे. आम्हां मास्तर लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ सुट्टी. ही माझी खोड घरच्यांना ठाऊक आहे, आणि ती सोलापुरात एवढी कामी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण सुशीला तिथं दिलेली आहे. तिचे यजमान माधवराव गिरणीच्या हपिसात कारकून आहेत. घरात तिसरे सुशीचे सासरे. माधवराव त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणते. दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. सुशी एकटी सगळं करत होती, आणि तिला हाताशी कुणीतरी हवं होतं.

स्टेशन ते घर

मनमाडला आणि दौंडला गाड्या बदलून सोलापुरात उतरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. फलाटावरच चार भाषा कानावर आल्या. हमाल मराठीत भांडत होते. लाल काठाच्या लुगड्यातल्या दोघीतिघी विणकरणी तेलुगूत एकमेकींना हाका मारत होत्या. एक फेटेवाले व्यापारी पोत्यांवर बसून कानडीत हिशेब समजावत होते. आणि बाहेर येताच टांगेवाला म्हणाला, "बाईजी, किदर जाना? सामान उचलो नक्को, मैं लेतूं."

मला हसू आलं. "नक्को" हा आपलाच "नको". दख्खनच्या मुसलमानांनी तो उचलला आणि त्यावर जोर देऊन आपलासा करून टाकला. मी त्याला म्हटलं, "नको हा मराठी शब्द आहे, बरं का." तो घोड्याला चुचकारत म्हणाला, "नै बाईजी, ये हमारा है. मेरा दादा बी बोलता था." वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्या शब्दाला आजोबांपासून घरात वागवलं, तो आपला नाही असं कोण कबूल करील?

रस्ता किल्ल्याच्या खंदकाकडून आणि तळ्याच्या काठानं गेला. आमच्या नाशकात कौलारू घरं. इथं सगळी मातीच्या सपाट छपराची. त्या छपराला इथं माळवद म्हणतात. माळवदांवर मिरच्या, वड्या, गोधड्या असं काय काय वाळत पडलं होतं. एका माळवदावर एक म्हातारी शेंगदाणे पसरून राखण करत बसली होती.

सुशी दारातच उभी होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, पण मला पाहून हसली. "ताई, आधी हातपाय धू. ताई, पाणी काढलंय बघ. किती वाळलीस गं ताई!" एका दमात तिनं मला तीनदा हाक मारली असेल.

तेवढ्यात माजघरापलीकडच्या खोलीतून आवाज आला. घोगरा, ओढलेला.

"ताऽयी!"

सुशीच्या हातातली कळशी तिथंच राहिली. ती कुजबुजली, "मामंजी बोलले."

आम्ही दोघी आत गेलो. अण्णा खाटेवर उशांना टेकवलेले होते. सुशीच्या लग्नात पाहिलेला तो ताठ, कमावलेल्या आवाजाचा गृहस्थ राहिला नव्हता. तोंड एका बाजूला झुकलेलं, नजर मात्र जागी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, डावा हात थोडा उचलला आणि पुन्हा म्हणाले, "ताऽयी."

सुशीनं आंबिलीची वाटी माझ्या हातात दिली. "बघ घेतात का. दोन दिवस माझ्या हातून काहीच घेत नाहीत." मी चमचा पुढं केला. त्यांनी तोंड उघडलं. सगळी वाटी संपली.

संध्याकाळी माधवराव हपिसातून आले. हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की पगडी न काढताच ते खाटेशी बसले. "अण्णा, ताईंना ओळखलंत! सुशीच्या ताई आल्यात, नाशकाहून." अण्णा त्यांच्याकडं पाहत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताऽयी."

पेठेत

दिवस त्याच रीतीनं जाऊ लागले. सकाळी गिरणीचा भोंगा होई आणि त्यानंच सगळं गाव उठे. अण्णांना मी आंबील भरवायची, दुपारी मऊ भात, संध्याकाळी दूध. मी खोलीबाहेर गेले की थोड्या वेळानं हाक येई, आणि मी आत गेले की ते शांत होत. सुशीनं वाटी पुढं केली की मात्र ओठ मिटत. दुसरा कुठलाही शब्द त्यांच्या तोंडून येत नव्हता. सुशीच्या लग्नानंतर मी त्यांना एकदोनदाच भेटले असेन. त्यांनी मलाच का धरून ठेवावं, याचं मला नवल वाटे. पण आजाऱ्याच्या मनात काय असतं ते कुणाला कळतं, असं म्हणून मी सोडून दिलं.

डॉक्टर रोज येऊन नाडी पाहत. "अन्न पोटात जातंय तोवर भीती नाही," ते म्हणाले. "बंद झालं तर मात्र मी काही करू शकणार नाही."

अण्णा झोपले की माधवराव मला गाव दाखवायला नेत. त्यांनाही माझ्या खोडीची गंमत वाटू लागली होती. पेठेत पानसुपारीच्या दुकानी एक बाई सुपाऱ्या कातरत बसली होती. माधवरावांनी तिच्या हातातल्या अडकित्त्याकडं बोट दाखवलं. "ताई, हा शब्द कुठला?"

मी म्हटलं, "सुपारी त्यात अडकते म्हणून अडकित्ता."

"ह्यांना विचारा." त्यांनी त्या बाईला कानडीत काहीतरी विचारलं. तिनं सुपारी उचलून दाखवली, "अडिकी." मग अडकित्त्याचं पातं दाखवलं, "कत्ती."

अडिकी म्हणजे सुपारी आणि कत्ती म्हणजे सुरी. नाशकात आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या देवाच्या पुढ्यात ठेवलेल्या तबकात तो अडकित्ता होता, आणि तो कानडी आहे हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. पलीकडं मेवेवाल्याच्या टोपलीत बेदाणे होते. ते मात्र मला ठाऊक होतं: फारसीत बे म्हणजे विना, दाणा म्हणजे बी. बिनबियांचा तो बेदाणा. माधवरावांनी तेवढ्यावर मला एक पुडी घेऊन दिली.

गावाच्या नावावरूनही त्यांच्या हपिसात वाद आहे म्हणे. बहुतेक जण म्हणतात, सोळा गावं मिळून झालं म्हणून सोलापूर. पण त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे स्वामी म्हणून गृहस्थ सांगतात, जुनं नाव सोन्नलगी, ते घासून घासून असं झालं. "दोघंही एकमेकांना वेड्यात काढतात," माधवराव म्हणाले, "आणि दोघंही पत्त्यात स्पेलिंग चुकवतात."

परतताना विणकरांच्या आळीतून आलो. घराघरांतून मागांचा खटखट आवाज येत होता. एका दारातून कुणीतरी "अक्का!" अशी हाक मारली आणि आतून तेलुगूत उत्तर आलं.

"अक्का ह्या तेलुगू लोकांतही, आपल्यातही आणि कानड्यांतही," माधवराव म्हणाले. "थोरली बहीण. त्यात फरक नाही. पण अण्णा बघा. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. आमच्या वडलांना धाकटे काका अण्णा म्हणायचे, ते ऐकून मीही म्हणायला लागलो. आता मला ते वडीलच वाटतात, भाऊ नाही वाटत."

"म्हणजे नात्यांचे शब्द एकेक पायरी घसरतात तर," मी म्हटलं.

"घसरतात की! अण्णा वाढले त्या गावी, मैंदर्गीला, आमच्या नात्यात आजीला आयी म्हणतात. आणि आपल्याकडं आई म्हणजे कोण?"

हे बोलणं मला फार आवडलं. पण ते बोलणं आणि घरातली ती हाक यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे आम्हां दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

सुट्टी सरत आली तशी सुशी गप्प होऊ लागली. एकदा मागच्या पडवीत भाकऱ्या थापताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "धूर लागतोय का?"

"तू गेलीस की काय करू मी?" ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मामंजींचं सगळं मी केलं. चहात किती साखर, धोतराची कुठली घडी, सगळं मला ठाऊक. आणि आता माझ्या हातचं पाणीसुद्धा नको. माझं काय चुकलं गं ताई? मनात काही राहिलंय का त्यांच्या?"

मी परात माझ्याकडं ओढली. त्या रात्री जेवताना माधवराव म्हणाले, "मैंदर्गीला चिक्कव्वा आहेत. अण्णांच्या मावशी. त्यांनीच अण्णांना वाढवलं. त्यांना आणून बघू. त्यांचं तरी ऐकतील." चिक्कव्वा म्हणजे धाकटी आई; कानडीत मावशीला तसं म्हणतात. म्हातारी आता सत्तरीपुढची, एकटीच जुन्या घरात राहते, आणि गाव सोडायला कबूल होत नाही. "माझं ऐकणार नाहीत," माधवराव म्हणाले, "पण तुम्ही आलात तर पाहुणीसमोर नाही म्हणायला त्यांना जड जाईल."

मैंदर्गीच्या वाटेवर

सुशीनं अण्णांना एक दिवस कसंबसं दुधावर ठेवायचं कबूल केलं आणि आम्ही दोघं पहाटेच्या गाडीनं निघालो. दुधनीला उतरलो. तिथून पुढं बैलगाडी. गाडीवान सिद्राम म्हणून होता, पिळदार मिशांचा, अंगावर घोंगडं. बैलांशी तो कानडीत बोले आणि आमच्याशी मराठीत.

"बैलांस्नी मराठी कळत न्हाय," तो म्हणाला. "लई हुशार हायेत, पन कानडीच कळतंय."

दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तीवर उभी ज्वारी, माणसाच्या डोक्याइतकी. आमच्याकडं नाशकाच्या बाजूला मळे, द्राक्षं, लहान लहान वाफे. इथं सगळं एकाच मापाचं, आभाळाला जाऊन टेकलेलं. थंडी होती, पण ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. एका शेताच्या कडेला धूर दिसला तशी सिद्रामनं गाडी थांबवली. त्याच्या चुलत्याचं शेत होतं. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजणं चालू होतं. चुलत्यानं तळहातावर कणीस चोळून हिरवे गरम दाणे आमच्या पदरात टाकले, बरोबर शेंगाची चटणी आणि गूळ.

"खावा की, बाई. हुरडा हाय. तुमच्याकडं मिळतंय का?"

"इतका गोड नाही मिळत," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

"तुमी कुटल्या?"

"नाशिक."

"लई लांब." त्यानं आणखी एक ओंजळ टाकली. लांबून आल्याचा मान म्हणून.

मैंदर्गीत शिरलो तेव्हा बाजार उठत आला होता. चिक्कव्वांचं घर देवळामागच्या बोळात. दोन खोल्या, पुढं तुळशीचा कट्टा. म्हातारी कट्ट्यावर उन्हाला बसून वाती वळत होती. बारीक, वाकलेली, पण हात झरझर चालणारे. कानांनी कमी ऐकायची. माधवरावांनी वाकून नमस्कार केला आणि मोठ्यानं म्हणाले, "चिक्कव्वा, ह्या सुशीच्या ताई. नाशकाहून आल्यात."

म्हातारीनं मला खालून वर पाहिलं. वाती बाजूला ठेवल्या.

"सुशीची तायी? ही? लेकीच्या बरोबरीची दिसते की! सोळा वर्षांची असताना झाली का सुशी?"

माधवराव हसले. "तुमची तायी नव्हे हो चिक्कव्वा. आमची ताई. थोरली बहीण. अक्का!"

"असं म्हण की. अक्का म्हण. तायी म्हटल्यावर मला वाटलं सुशीची आई."

माधवरावांचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. पेठेतून येताना आम्ही इतकं बोललो होतो त्या पायऱ्यांबद्दल, आणि ही एक पायरी आमच्या पायाखालीच होती.

"तायी म्हणजे आई?" मी विचारलं.

"आई की. दुसरं काय?" म्हातारी म्हणाली.

मी तिच्याशेजारी कट्ट्यावर बसले. गेले कित्येक दिवस एक म्हातारा माणूस आईला हाक मारत होता आणि दर वेळी आत मी जात होते. मला मूल नाही. लग्नानंतर लवकरच मी एकटी झाले आणि शाळेच्या कामात पडले. आजवर मला कुणी आई म्हणून हाक मारली नव्हती. आणि मारली तेव्हा मला ती समजली नाही.

माधवराव तुळशीच्या कट्ट्याला हात टेकून उभे होते. "मला बाजारापुरतं का होईना, कानडी येतं," ते हळूच म्हणाले. "मला कळायला हवं होतं. पण घरात ताई होत्या आणि अण्णा ताई म्हणत होते. दुसरं काही मनातच आलं नाही."

त्यांनी चिक्कव्वांना सगळं सांगितलं. आजाराची बातमी त्यांना होती, पण या हाकेची नव्हती. म्हातारी उठून आत गेली आणि आमच्यासाठी पानं मांडू लागली. तिच्या बोलण्याची रीत तशी होती. हातात काम असल्याखेरीज तिला सांगता येत नव्हतं.

वाढताना तिनं दुधाचं भांडं आणलं. माझ्या वाटीत दूध ओतू लागली तशी वाटी भरून सांडायला आली. मी घाईनं म्हटलं, "हळू, हळू!" ती खूश झाली आणि आणखी ओतलं. पाटावरून ओघळ माझ्या लुगड्यावर आला. माधवराव म्हणाले, "ताई, हालु म्हणजे दूध! तुम्ही दूध दूध म्हणताय!" म्हातारीला ते कळल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली, आणि हसण्यानंच बहुधा तिचं मन मोकळं झालं. ओलं लुगडं पुसता पुसता ती सांगू लागली.

"आमच्या घरात सगळी मुलं आईला तायीच म्हणायची. माझी थोरली बहीण, ती नाणीची तायी." नाणी म्हणजे अण्णा. त्यांचं नाव नारायण. "नाणी एवढासा होता. पटकीची साथ आली. एका दिवसात ती गेली. मी तेव्हा पोरवयातच होते, सासरहून मला बोलावून घेतलं. नाणी दारात बसून विचारायचा, तायी कुठं? माझ्या वडलांनी सांगितलं, पोराला सांगू नका, जेवायचं सोडील. म्हणून मी सांगायची, तायी ऊरिगे होग्याळ, नाळि बर्ताळ. आई गावाला गेलीय, उद्या येईल. तेवढ्यावर तो जेवायचा."

"मग कधी सांगितलं?" मी विचारलं.

"नाही सांगितलं. काही दिवसांनी त्यानं विचारायचंच सोडलं. मला वाटलं, कळलं असेल. कळलंच असणार. मोठा झाला, श्राद्ध घालू लागला, पिंड ठेवू लागला. पण मी आपल्या तोंडानं त्याला कधी सांगितलं नाही, आणि त्यानं मला कधी विचारलं नाही."

तिनं ताट उचललं. "चला," ती म्हणाली. "मी येते. तुळशीला पाणी घालायला शेजारणीला सांगते."

तिचं मन वळवायला म्हणून मी गेले होते. एक शब्दही बोलावा लागला नाही.

पुन्हा सोलापूर

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं घरी पोचलो. सुशीचा चेहरा उतरलेला होता. अण्णांनी आदल्या संध्याकाळपासून काही घेतलं नव्हतं. मी आत गेल्यावर ते पुन्हा तायी म्हणाले तर मी काय करायचं? माहीत नव्हतं तोवर मी सहज पुढं होत होते. आता त्या हाकेला ओ द्यायचा मला काय अधिकार, आणि न देण्याचा तरी काय?

हाक आलीच. "ताऽयी!"

मी दारात थांबले. चिक्कव्वा माझ्या खांद्याला धरून पुढं गेल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग झुकलेल्या ओठांतून, तुटक पण स्वच्छ, "चिक्कव्वा."

सुशीनं माझा हात घट्ट धरला.

"तायी एल्लि?" अण्णांनी विचारलं. एल्लि म्हणजे कुठं. एवढं मला तोवर कळू लागलं होतं.

चिक्कव्वांनी त्यांच्या कपाळावरचे केस मागं सारले. त्या आता गाव, उद्या असं काहीतरी सांगतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "नाणी, तायी इन्न बरूदिल्ल." आणि मग, बहुधा आम्हांलाही कळावं म्हणून, मराठीत, "ती आता यायची नाही रे. तेव्हाच गेली. मी तुला सांगितलं नाही."

अण्णा रडले. अर्धा चेहरा हलत होता, अर्धा नाही. आवाज फारसा नव्हता. माधवराव पुढं व्हायला लागले, पण म्हातारीनं हातानं थांबवलं. ती नुसती बसून राहिली, त्यांच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवून. बाहेर कुणीतरी भाजीवाली ओरडत गेली. मग त्यांचं रडणं आपोआप थांबलं, जसं थकलेल्या पोराचं थांबतं.

"ऊटा?" चिक्कव्वांनी विचारलं. जेवतोस?

अण्णांनी मान हलवली.

सुशी आंबील घेऊन आली. तिनं वाटी चिक्कव्वांच्या हातात द्यायला धरली, पण त्यांनी घेतली नाही. "तूच दे," त्या म्हणाल्या. "माझे हात कापतात." मी त्यांचे हात वाती वळताना पाहिले होते, तेव्हा ते कापत नव्हते. सुशी खाली बसली, चमचा पुढं केला. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. घाईघाईत पहिला चमचा निम्मा उशीवरच सांडला.

त्यानंतर ती हाक आली नाही. निदान मी असेतोवर नाही. चिक्कव्वा त्यांच्याशी दिवसभर कानडीत बोलत बसत: कुठल्या विहिरीला पाणी आहे, कोण मेलं, कुणाच्या म्हशीला रेडा झाला. अण्णा एकेक शब्द उचलू लागले, आधी कानडी, मग कुठं कुठं मराठी. माधवराव संध्याकाळी आले की खाटेशी बसून अडखळत कानडी बोलून बघत, आणि चुकले की अण्णांच्या ओठाचा चांगला कोपरा वर जाई. डॉक्टरांनी मान हलवून एवढंच म्हटलं, "चालू द्या जे चाललंय ते."

माझ्या निघायच्या दिवशी सकाळी अण्णांना सोप्यात उन्हाला बसवलं होतं. मी ट्रंक दाराशी ठेवली आणि त्यांना नमस्कार करायला वाकले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत आता ते धरून ठेवणं नव्हतं. ओळखीच्या घरच्या, पण नीट न ओळखलेल्या बाईकडं एखादा सभ्य गृहस्थ पाहील, तसे ते पाहत होते. मग सुशीकडं वळून, शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "पाहुण्यांना... शेंगापोळी... बांधलीस का?"

झटक्यानंतरचं ते त्यांचं पहिलं पुरतं मराठी वाक्य. सुशी आनंदानं रडायलाच लागली. "बांधली की मामंजी, बांधली!" म्हणत ती आत पळाली आणि आधी बांधलेल्या पुडक्यात आणखी चार घालून घेऊन आली.

मी हसले. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी किंचित दुखलं. एवढे दिवस मी त्या घरात काय होते, ते त्या एका शब्दात संपलं आणि मी पाहुणी झाले. मग अण्णांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला, जड, उबदार, आणि थोडा वेळ तिथंच राहिला.

टांग्यात माधवरावांनी विचारलं, "पाहुणा कुठला शब्द, ताई? तोही कानडीच निघायचा."

"नाही. संस्कृतातून आलाय, प्राकृताच्या वाटेनं," मी म्हटलं. "मुळात हिंडणारा, फिरत फिरत आलेला, असा अर्थ होतो."

"म्हणजे जाणारच तो," माधवराव म्हणाले.

गाडी सुटली तेव्हा फलाटावर पुन्हा त्या चार भाषा चालू होत्या. कुर्डुवाडी गेल्यावर मी पुडकं सोडलं. समोरच्या बाकावर बार्शीकडची एक बाई तान्ह्याला घेऊन बसली होती. तिला अर्ध्या दिल्या. शेंगापोळ्या अजून मऊ होत्या, शेंगदाण्यांचा आणि गुळाचा वास सुटला होता. तिनं विचारलं, "कुणी दिल्या?"

"बहिणीच्या सासऱ्यांनी," मी म्हटलं.